जुन्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स टाकावं? नवशिक्यांसाठी कामाची माहिती

लॅपटॉपचं बटण दाबायचं, चुलीवर चहा ठेवायचा, चहा पिऊन कप विसळायचा, तोवर कुठं स्क्रीन उघडते. आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत असा एखादा लॅपटॉप आहे. पोरीच्या बारावीला घेतलेला, नाहीतर पुण्याला नोकरीला असलेल्या पुतण्यानं वापरून दिलेला. आता त्यावर आणखी एक सूचना येते, की तुमच्या विंडोज १० चा सपोर्ट संपला.

मायक्रोसॉफ्टनं हा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. त्यामुळं लॅपटॉप बंद पडत नाही, पण सुरक्षेचे नवे अपडेट येत नाहीत. नोंदणी केली तर घरगुती ग्राहकाला ऑक्टोबर २०२६ पर्यंत म्हणजे आणखी एक वर्ष अपडेट मिळतात. विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. २०१७ च्या आधीचे लॅपटॉप त्यात जवळजवळ बसतच नाहीत. मग दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. पस्तीस हजारांचा लॅपटॉप म्हणजे हिशेब करा: २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे साडेसहा क्विंटलच्या वर सोयाबीन. आणि तेही हमीभाव हातात पडला तर.

दुसरा रस्ता आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. तालुक्याला जायचं, तीनशे-पाचशे रुपये द्यायचे आणि ‘फॉरमॅट मारून’ क्रॅक केलेलं विंडोज टाकून आणायचं. मीही तेच करत होतो. २०२२ च्या उन्हाळ्यात एका सकाळी बातमी पाठवायला लॅपटॉप उघडला, तर एकही फाइल उघडेना. प्रत्येक फोटोच्या नावामागं भलतीच अक्षरं लागलेली आणि डेस्कटॉपवर एक चिठ्ठी, की पैसे भरा तर फाइली सोडू. गारपिटीच्या पंचनाम्याचे फोटो, चार वर्षांच्या बातम्या, शेताचा जमाखर्च, सगळं गेलं. क्रॅक करायच्या त्या फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबरच व्हायरस आला असावा, असं जाणकार पोरांनी नंतर सांगितलं. तेव्हापासून मी लिनक्स वापरतो. त्या अनुभवातून आणि गावातल्या सात-आठ मशीनवर ते टाकून दिल्यावर जे समजलं, ते इथं लिहितोय.

लिनक्स म्हणजे काय?

तुमच्या हातातला अँड्रॉइड मोबाइल लिनक्सवरच चालतो. म्हणजे वापरत आपण सगळेच आहोत, नाव माहीत नव्हतं एवढंच. फिनलंडमध्ये हेलसिंकीला शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. त्याचा कोड कुणीही पाहू शकतो, सुधारू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो. याला ओपन सोर्स म्हणतात. लायसनची चावी नाही, क्रॅक नाही, आणि शेजाऱ्याला कॉपी दिली तर चोरी नाही.

हा गाभा म्हणजे इंजिन. त्याभोवती स्क्रीन, मेनू, ब्राउझर, फाइली ठेवायची जागा असं सगळं जोडून वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी तयार गाडी केली. तिला डिस्ट्रो म्हणतात. अशा डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत आणि नवशिका इथंच अडकतो. यूट्यूबवर एक जण म्हणतो हे टाका, दुसरा म्हणतो ते टाका. बियाणाच्या दुकानात जून महिन्यात होतं तसं.

कोणतं टाकावं, याच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. या मशीनवर कोण बसणार आणि कशासाठी?

कुणी टाकू नये

हे आधी सांगतो, कारण लिनक्सचं कौतुक करणारे हे शेवटी सांगतात, तोवर माणसाचं काम अडलेलं असतं.

सेतू किंवा सीएससी केंद्र चालवत असाल आणि आधारचं अंगठ्याचं मशीन लावत असाल, तर लिनक्सच्या नादाला लागू नका. त्या मशीनची आरडी सर्व्हिस विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असते. ग्रामपंचायतीचं पेमेंट किंवा जीएसटीचं काम डिजिटल सहीच्या डोंगलवर चालत असेल, तर तेही विंडोजवरच राहू द्या. काही डोंगलचे ड्रायव्हर लिनक्सला मिळतात, पण सही करायची बाकीची सॉफ्टवेअरं कुठं अडतील सांगता येत नाही आणि मार्चअखेरीला प्रयोग परवडत नाहीत. कृषी सेवा केंद्राची, आडतीची बिलं टॅलीवर असतील, फ्लेक्सचं दुकान कोरलड्रॉवर असेल, पोरगा डिप्लोमाला ऑटोकॅड शिकत असेल, तरी हेच उत्तर. ही सॉफ्टवेअरं विंडोजसाठी बनली आहेत. ‘वाइन’ नावाच्या सोयीतून विंडोजची काही सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालतात, पण ज्यावर पोट आहे ते त्याच्या भरवशावर ठेवू नये.

प्रिंटरही आधी तपासा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्स स्वतःहून ओळखतं, वाय-फायवाले नवे प्रिंटरही बहुधा चालतात. पण कॅननच्या एलबीपी २९०० सारख्या जुन्या लेझर प्रिंटरला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो लिनक्सवर बसवणं नवशिक्याचं काम नाही. आपल्याकडं झेरॉक्सच्या दुकानांत हा प्रिंटर फार दिसतो, म्हणून मुद्दाम नाव घेतलं.

आता राहिले कोण? ज्यांचं काम ब्राउझरमध्ये होतं ते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा किंवा अवजाराचा अर्ज, सातबारा काढणं, बाजारभाव बघणं, बँकेचं स्टेटमेंट, मेल, व्हॉट्सॲप वेब, यूट्यूबवरचे धडे, गूगल मीट. हे सगळं फायरफॉक्स नाहीतर क्रोममध्ये होतं आणि ते दोन्ही लिनक्सवर आहेत. पत्र लिहायला, हिशेबाला लिब्रेऑफिस मिळतं. वर्ड-एक्सेलच्या फाइली त्यात उघडतात. कधीकधी तक्त्याच्या रेघा सरकतात, फॉन्ट बदलतो. दुसऱ्याला पाठवायची फाइल पीडीएफ करून पाठवली की ही कटकट राहत नाही.

मी कोणतं सुचवतो

सरळ सांगतो: लिनक्स मिंट. चार जीबी रॅम असेल तर त्याची एक्सएफसीई आवृत्ती, आठ जीबी असेल तर सिनॅमन.

कारण साधं आहे. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडं घड्याळ आणि वाय-फाय. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला दहा मिनिटांत हात बसतो. माझ्या वडिलांनी तर विचारलंही नाही की काय बदललं, फक्त म्हणाले, ‘आता लवकर उघडतंय.’ मिंट २००६ पासून आहे आणि त्याचा पाया उबुंटूचा आहे. सध्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. कमीत कमी दोन जीबी रॅम आणि वीस जीबी जागा लागते असं बनवणारे सांगतात, पण दोन जीबीवर ब्राउझरचे चार टॅब उघडले की धाप लागते. चार जीबी धरून चला.

उबुंटू स्वतःही चांगलं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थनं २००४ मध्ये सुरू केलं. पूर्वी ते सीडी फुकट पोस्टानं घरपोच पाठवायचे, हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये त्याची पाच वर्षं अपडेट मिळणारी एलटीएस आवृत्ती येते. टाकायचं तर तीच टाका, मधल्या आवृत्त्यांची मुदत नऊ महिन्यांतच संपते. पण उबुंटूची मांडणी वेगळी आहे, पट्टी डावीकडं उभी असते, आणि जुन्या मशीनला ते जरा जड जातं. नव्या पोराला चालेल, पन्नाशीच्या माणसाला मिंट सोपं.

झोरिन ओएस दिसायला सगळ्यात देखणं. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या दोन भावांनी बनवलेलं आहे आणि विंडोजवरून येणाऱ्या माणसासाठीच बनवलेलं आहे. त्याची १८ वी आवृत्ती विंडोज १० बंद झालं त्याच दिवशी काढली, यावरून काय ते समजा. त्याची ‘कोअर’ आवृत्ती फुकट आहे, ‘प्रो’ला पैसे पडतात. कोअर पुरते. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल आणि घरात दिसण्याची हौस असेल तर हे घ्या.

अगदीच जुना दोन जीबीचा डबा असेल तर लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्स बघा. ३२ बिटचा प्रोसेसर असेल तर मात्र बहुतेक मोठ्या डिस्ट्रोंनी हात वर केले आहेत. अँटीएक्स अजून चालतं, पण ते दिसायला रूक्ष आहे. माझं मत विचाराल तर अशा मशीनवर वेळ घालवू नका. उलट चार जीबीच्या लॅपटॉपची जुनी फिरती हार्डडिस्क काढून तिथं एसएसडी बसवली तर जो फरक पडतो, तो कोणतीही डिस्ट्रो बदलून पडत नाही. माझा २०१४ चा लॅपटॉप आज बातम्या पाठवतोय तो त्या एसएसडीमुळं.

आपल्या देशाचंही एक आहे, बॉस नावाचं. सी-डॅकनं चेन्नईत डेबियनवर बनवलं, २००७ मध्ये पहिल्यांदा आलं, त्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. अभिमान आहेच. पण अडचण आली तर इंटरनेटवर मिंट-उबुंटूची उत्तरं पावलोपावली सापडतात, बॉसची सापडत नाहीत. नवशिक्याला मदत मिळणं जास्त महत्त्वाचं, म्हणून मी मिंट म्हणतो. पोरांना हे जमेल का अशी शंका असणाऱ्यांनी केरळकडं पाहावं. तिथल्या सरकारी शाळांत उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली वर्षानुवर्षं चालते, पोरं तिच्यावरच शिकतात.

आणि एक. गावातली पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघून ‘काली लिनक्स’ टाकायला मागतात, हॅकिंग शिकायचं म्हणून. काली हे सुरक्षा तपासणाऱ्या जाणकारांचं हत्यार आहे. नवशिक्यानं रोजच्या कामाला ते घेऊ नये, असं ते बनवणारेच लिहून ठेवतात. पोराला सांगा, आधी मिंटवर सहा महिने काढ.

टाकण्याआधी चालवून बघा

लिनक्सची सगळ्यात मोठी सोय ही, की लॅपटॉपमधलं काही न पुसता ते पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. ट्रॅक्टर घेण्याआधी शेतात फिरवून बघावा तसं.

मिंटच्या अधिकृत वेबसाइटवरून आयएसओ फाइल उतरवायची. ती तीन जीबीच्या आसपास असते. दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर एका दिवसात होणार नाही. डाउनलोड मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढं चालू करायचं, नाहीतर तालुक्याच्या वाय-फायवर उतरवायचं. भलत्या साइटवरून किंवा टेलिग्रामच्या ग्रुपमधून घेऊ नका. नाहीतर क्रॅकच्या विंडोजला कंटाळून इकडं आलो आणि तीच चूक पुन्हा केली असं होईल.

फाइल आली की ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी करून चालत नाही. विंडोजवर रुफस किंवा बॅलेना एचर हे सॉफ्टवेअर हे काम करतं. घरात चालू कॉम्प्युटरच नसेल तर अँड्रॉइड मोबाइलला ओटीजी केबलनं पेनड्राइव्ह लावायचा आणि एचड्रॉइड नावाच्या ॲपनं लिहायचं. मी दोनदा असंच केलंय. मोबाइल चार्ज असू द्या. पेनड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं, तेवढं ध्यानात ठेवा.

मग पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहायचं. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ १२, एचपीला आधी एस्केप आणि मग एफ ९. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की दोन-तीन मिनिटांत मिंटची स्क्रीन येते. आता घाई करू नका. दोन दिवस असंच चालवा. वाय-फाय लागतो का, आवाज येतो का, कॅमेरा, टचपॅड, प्रिंटर चालतो का, झाकण लावून उघडल्यावर जागं होतं का, हे सगळं बघा. पेनड्राइव्हवरून जरा संथ चालतं, आत टाकल्यावर वेग येतो. वाय-फाय नाही लागला तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टिथरिंग चालू करा, इंटरनेट येतं. मग मेनूतल्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये जाऊन वाय-फायचा ड्रायव्हर मिळतो का बघायचं. बऱ्याचदा मिळतो.

जिथं रडायची वेळ येते

टाकताना एक पान येतं. त्यावर ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल’ असा पर्याय असतो. याचा अर्थ डिस्कवरचं सगळं पुसून टाकणार. सी ड्राइव्हच नव्हे, डी आणि ई सुद्धा.

माझ्या चुलतभावानं हे पान न वाचता पुढं केलं. त्याला वाटलं, विंडोज टाकताना फक्त सी जातो आणि डी राहतो, तसंच असेल. डी मध्ये बहिणीच्या लग्नाचे फोटो होते आणि वाटणीपत्राच्या स्कॅन केलेल्या प्रती. वाटणीपत्राची नक्कल दुय्यम निबंधकाकडून पुन्हा काढता आली, दोन चकरा झाल्या. फोटोतली आजी त्याच वर्षी वारली होती. तिचे ते शेवटचे फोटो. त्यातले चार पाहुण्यांच्या व्हॉट्सॲपवर सापडले, तेवढेच.

म्हणून टाकण्याच्या आदल्या दिवशी सगळा डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्यायचा, आणि घेतला एवढ्यावर थांबायचं नाही. ती हार्डडिस्क दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लावून पाच-दहा फाइली उघडून बघायच्या. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे फोल्डर सी मध्ये असतात, ते विसरतात लोक. ब्राउझरमधले पासवर्ड कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉपला बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की आधी काढून ठेवा.

‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ निवडलं तर विंडोज आणि लिनक्स दोन्ही राहतात, चालू करताना विचारतं कोणतं हवं. पोराचं एखादं सॉफ्टवेअर विंडोजवर अडकलं असेल तर हे बरं. पण डिस्कचे वाटे पडतात तिथं चूक झाली तर दोन्हीकडून जातं, म्हणून यालाही बॅकअप लागतोच. टाकताना चार्जर लावलेला असावा आणि लाइट जायची वेळ टाळावी. बॅटरी मेलेला लॅपटॉप असेल तर लोडशेडिंगचं वेळापत्रक बघूनच बसा.

मराठीचं काय?

मराठी वाचायला काहीच करावं लागत नाही, फॉन्ट आत असतात. टाइप करायला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लेआउटमध्ये मराठी जोडायचं. दोन प्रकार दिसतात: इनस्क्रिप्ट आणि कगप फोनेटिक. इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायची सवय असेल तर कगप, पण इनस्क्रिप्ट शिकलेला माणूस पुढं जास्त वेगानं लिहितो. मला दीड महिना लागला. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये लिहिलेल्या जुन्या फाइली मात्र फॉन्ट नसल्यानं अगम्य दिसतील. कन्व्हर्टरमधून त्या युनिकोडमध्ये करून घ्या, विंडोज चालू आहे तोवरच केलं तर बरं. मिंटचे मेनूही मराठीत करता येतात, पण भाषांतर अर्धवट आहे, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी. मी मेनू इंग्रजीच ठेवलेत.

टाकून झाल्यावर पहिल्या दिवशी दोनच कामं करा. ‘अपडेट मॅनेजर’ उघडून सगळे अपडेट घ्या, पहिल्यांदा बराच डेटा जातो. आणि ‘टाइमशिफ्ट’ चालू करा. पुढं एखाद्या अपडेटनं गडबड झाली तर ते यंत्रणेला आधीच्या दिवसावर नेऊन ठेवतं. तुमचे फोटो-कागद ते सांभाळत नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. लॉगिनचा पासवर्ड कुठंतरी लिहून ठेवा, कारण काहीही नवीन टाकताना तो विचारला जातो. सोसायटीतल्या एका मशीनला मी मिंट टाकून दिलं आणि आठ दिवसांत सचिवांचा फोन आला, पासवर्ड विसरलो म्हणून. आता तो तिथं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.